पान्हा सुटायला लागणारा वेळ

आमच्या गोठ्यात सहा गाई होत्या आणि त्यांतल्या एकीलाही नाव नव्हतं. बाबांचं म्हणणं असं, की नाव ठेवलं की माणूस हाका मारत बसतो आणि काम राहून जातं. गाय जिथे बांधलेली असेल तीच तिची ओळख. दाराची, खांबाची, मोरीची, भिंतीच्या दोघी आणि खिडकीची. खिडकीचीची जागा बदलली तर तिला काय म्हणायचं, असं मी लहानपणी एकदा विचारलं होतं. "तिची जागा बदलायची कुणाची छाती आहे?" असं उत्तर मिळालं.

गोठा येरवड्यात होता. तुरुंगाचे टोले ऐकून आमचा दिवस चालायचा. सकाळची धार, दुपारची धार, मध्ये मंडईतून आणलेला कोबी-फ्लॉवरचा पाला उतरवणं, पेंड भिजवणं, शेण काढणं. आता तिथे काचेची इमारत आहे आणि गोठ्याच्या जागेवर त्या इमारतीतल्या लोकांच्या गाड्या उभ्या असतात. बाबा नाहीत, गाई नाहीत. मी त्या रस्त्यानं जाते तेव्हा नेमका सिग्नल लाल लागला तर मला बरं वाटतं. मागचे हॉर्न वाजवेपर्यंत मी खिडकी कुठे होती ते बघून घेते. पार्किंगच्या रखवालदाराला वाटत असेल, ही बाई जागा शोधतेय.

घरात बाबा मोजकं बोलत. आईशी कामापुरतं, माझ्याशी निकालाच्या दिवशी. त्यांचं सगळं बोलणं गाईंसाठी राखून ठेवलेलं होतं. धारेला बसले की तोंड सुरू व्हायचं ते सहावी गाय होईपर्यंत थांबायचं नाही. शिवी कधी नाही, आवाज चढवणं नाही, सगळं अगदी आदरानं.

"काय बाईसाहेब, आज आपला विचार आहे ना? की आम्ही नुसतं बसून दर्शन घ्यावं?"

"पेंड पसंत पडली नाही असं कानावर आलं. उद्यापासून श्रीखंड मागवू."

"शेपूट आवरा. तोंड पुसायला मी टॉवेल आणलाय."

हे सगळं खिडकीचीला सगळ्यात जास्त ऐकावं लागायचं, कारण ती दूध सगळ्यात जास्त द्यायची आणि नखरेही तितकेच करायची. मी दप्तर घेऊन दारात उभी राहून ऐकायचे. खरं सांगायचं तर मला त्या गाईचा हेवा वाटायचा. माझ्याशी बाबा इतकं बोलले असते तर मीही निमूट उभी राहिले असते.

ज्यांनी गोठा पाहिलेला नाही त्यांना वाटतं, कासेत दूध असतं आणि ते काढलं की येतं. तसं नसतं. गाय सोडेल तेव्हाच ते मिळतं. कोमट पाण्यानं कास धुवायची, सड पुसायचे, हात फिरवायचा, आणि थांबायचं. मिनिटभरात कास भरून ताठ होते आणि मग दूध अडवलं तरी थांबत नाही. हा पान्हा. तो टिकतो थोडा वेळच, तेवढ्यात काढलं तर काढलं. गाय बिचकली, रुसली, तर दूध वर चोरते, आणि मग कितीही ओढा, गाईला दुखतं आणि आपल्याला फेस मिळतो. काही गोठ्यांत यावर इंजेक्शन द्यायचे. बाबांना कुणी ते सुचवलं की त्यांचा चेहरा बदलायचा. "तिच्या मनात नसताना घ्यायचं, त्याला आम्ही धंदा म्हणत नाही," एवढंच म्हणायचे.

मी शिकून नोकरीला लागले तेव्हा शहराला नोकऱ्यांचा बहर आलेला होता. माझ्या कामाचं स्वरूप आईला शेवटपर्यंत कळलं नाही. संगणकांत वर्षाचे दोनच आकडे लिहिलेले होते, शतक बदललं की ते गोंधळणार होते, म्हणून आम्ही शंभरएक जण दिवसभर बसून दोनाचे चार आकडे करत होतो. "म्हणजे कॅलेंडर बदलायचं काम," असं आई शेजारणींना सांगायची. त्याच लाटेत आमचा धार काढणारा गडीही गेला. बारा वर्षं बाबांच्या हाताखाली होता तो. एका कंपनीच्या दारावर त्याला टोपी, शिट्टी आणि इस्त्रीचा गणवेश मिळाला. ती कंपनी नेमकी माझीच निघाली. रोज सकाळी तो मला कडक सलाम ठोकायचा आणि हळूच विचारायचा, "खिडकीची कशी हाय?"

गडी गेल्यावर सगळी धार बाबांवर आली आणि वर्षभरात त्यांच्या अंगठ्यांनी दगा दिला. सड पिळून पिळून दोन्ही अंगठ्यांची मुळं सुजली. चहाचा कप धरताना हात थरथरायला लागला. डॉक्टर म्हणाले, आता हातानं धार बंद. तेव्हा यंत्र आलं.

यंत्र बसवायला एक तरुण इंजिनिअर आला होता. फार नम्र मुलगा. त्यानं पंप कुठे ठेवायचा, चार कप सडांना कसे लावायचे, नळी पारदर्शक का असते, सगळं समजावलं आणि जाता जाता म्हणाला, "काका, एक लक्षात ठेवा. यंत्र चालू असताना गोठ्यात शांतता पाहिजे. आरडाओरडा नको. गाय बिचकली की संपलं."

बाबांनी आयुष्यात कुणाचं ऐकलं नाही, पण लेखी सूचना आणि इंजिनिअर या दोन गोष्टींपुढे ते मान तुकवायचे. दुसऱ्याच दिवशी त्यांनी पत्र्याची पाटी रंगवून आणली आणि खांबावर ठोकली.

"यंत्र चालू असताना शांतता राखावी. बोलायचे असल्यास बाहेर जाऊन बोलावे."

"गाईंना वाचता येत नाही, अहो," आई म्हणाली.

"गाई शहाण्या आहेत. पाटी माणसांसाठी आहे," बाबा म्हणाले. ती पाटी वाचून पहिले गप्प झाले ते स्वतः बाबाच.

त्या दिवसापासून गोठ्यात फक्त यंत्राची टकटक. बाबा हात पाठीमागे बांधून, परीक्षेच्या वर्गात मास्तर उभे राहतात तसे उभे. गाई मागे वळून बघायच्या, पाय आपटायच्या. पारदर्शक नळी कितीतरी वेळ कोरडी राहायची, मग दोन थेंब, मग पुन्हा कोरडी. बाकीच्या पाच जणी कुरकुरत का होईना द्यायच्या. खिडकीची मात्र अडूनच बसली. निम्मंही दूध देईना. कासेत दूध राहायला लागलं की कास सुजते आणि गाय आटत जाते, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. वाघोलीचा एक गोठेवाला खिडकीचीवर कधीपासून डोळा ठेवून होता. एका रविवारी जेवताना बाबा ताटाकडे बघत म्हणाले, "दिवाळीपर्यंत जमलं नाही तर देऊन टाकू. सगळ्याच." आईनं वाढता वाढता पळी थांबवली. मी हातातला घास ताटात परत ठेवला. गाई गेल्यावर बाबा दिवसभर कुणाशी बोलणार होते?

त्या वयात माझी एक पक्की समजूत होती, की जे मोजता येतं ते दुरुस्त करता येतं. बुधवार पेठेतून सेकंद दाखवणारं एक घड्याळ आणलं, शंभर पानी वही घेतली आणि सुट्टी टाकून पेंडीच्या पोत्यावर बसले. कप लावल्यापासून नळीत पहिली धार दिसेपर्यंत किती वेळ, ते लिहायचं. ऑफिसात शिकवलं होतं की एका वेळी एकच गोष्ट बदलावी. एक दिवस पाणी जास्त गरम केलं. एक दिवस पंपाची ओढ कमी केली. एक दिवस खिडकीचीला पहिली घेतली, एक दिवस शेवटी. आकडा हलेना. बाबा माझ्याकडे बघायचे, पाटीकडे बघायचे आणि गप्प राहायचे.

आणि मग त्या आठवड्यात कधीतरी बाबा चिडून घरी आले. नव्या सोसायटीत एक गिऱ्हाईक होतं, कंपनीत मोठ्या हुद्द्यावरचं. त्यानं दारातच सांगितलं होतं, की तुमच्या दुधाला फार साय येते, उद्यापासून आम्ही पिशवी घेणार. बाबा तडक गोठ्यात आले. दुपारच्या धारेची वेळ झालेलीच होती. मी खिडकीचीची कास पुसली होती, पंप चालू होता. बाबा पाटीखाली उभे राहिले आणि त्यांना राहवलं नाही.

"ऐकलंत का बाईसाहेब? आपल्या दुधाला साय येते अशी तक्रार आली आहे. मोठ्या साहेबांची तक्रार आहे, हसण्यावारी नेऊ नका. आपण जरा पाणचट व्हायला शिका. जमाना पिशवीचा आहे. पिशवीला शेपूट नसतं, पिशवी लाथ मारत नाही..."

कप लावून मी हात मागे घेतला नाही तोच नळी पांढरी झाली. नुसती पांढरी नाही, भरून वाहायला लागली. मी घड्याळाकडे बघितलं, पुन्हा नळीकडे बघितलं आणि ओरडले, "बाबा, बोलत राहा!" बाबा दचकून गप्प बसले. नळीतली धार बारीक झाली.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्या गाईचा पान्हा कोमट पाण्यावर नव्हता, हातावरही नव्हता. पहिल्या वेतापासून तिनं दूध सोडलं होतं ते बाबांची टोचणारी बोलणी ऐकत. आरडाओरडा तिला बिचकवत असेलही, पण तिच्या लेखी शांतता हाच गोंधळ होता. आम्ही मात्र पाटी लावून तिला महिनाभर छळलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी बाबांना सांगितलं, "आता बोला."

"काय बोलू?"

"काहीही. नेहमीसारखं."

बाबांनी घसा खाकरला. खिडकीचीकडे बघितलं. "असं सांगून येत नाही ते," म्हणाले. शेवटी मलाच युक्ती करावी लागली. धारेच्या वेळी मी सहज विचारायचे, बाबा, नव्या सोसायटीनं गेटवर आपली सायकल अडवली म्हणे? की झालं. सहाही गाई तृप्त होईपर्यंत गाडी थांबायची नाही. पंधरा दिवसांत माझ्या वहीतले आकडे खाली आले आणि मग मला विचारायचीही गरज उरली नाही. बाबांनी पाटी काढली नाही. काढली असती तर चूक कबूल केल्यासारखं झालं असतं. त्यांनी खाली बारीक अक्षरांत भर घातली: "हा नियम मालकांस लागू नाही."

ती दोन-अडीच वर्षं आमच्या घरातली सगळ्यात सुखाची. शतक बदललं, संगणक गोंधळले नाहीत, दिवाळ्या आल्या आणि गेल्या, वाघोलीचा गोठेवाला विचारून विचारून थकला.

मग बाबांना हर्नियाचं ऑपरेशन सांगितलं. आठ दिवस हॉस्पिटल आणि पुढे महिनाभर वाकायचं नाही, उचलायचं नाही. बाबांना आपल्या पोटाची काळजी नव्हती. "खिडकीची माझ्याशिवाय सोडणार नाही," एवढंच त्यांनी दहा वेळा सांगितलं. सांगताना चेहऱ्यावर चिंता होती आणि चिंतेखाली थोडी ऐट होती. ती ऐट मला तेव्हा दिसली नाही.

मी माझ्या परीनं तोड काढली. एक कोरी कॅसेट आणली, घरातला टेपरेकॉर्डर पेंडीच्या पोत्यामागे लपवला आणि बाबा ॲडमिट व्हायच्या आदल्या दिवशीची अख्खी दुपारची धार गुपचूप भरून घेतली. दुसऱ्या दिवशी आई कप लावायला बसली, मी बटण दाबलं. टेपमधून बाबांचा आवाज आला, "काय बाईसाहेब, आज पंचांग बघून देणार का?" खिडकीचीनं कान टवकारले. मान वळवून बाबांना शोधलं. क्षणभर मला वाटलं, फसलं. मग नळी पांढरी झाली.

मी धावतच हॉस्पिटल गाठलं. ऑपरेशन नीट झालं होतं. बाबांनी डोळे उघडून पहिला प्रश्न विचारला, "खिडकीची?"

"सोडला!" मी वही उघडून त्यांच्यापुढे धरली. "एका मिनिटाच्या आत, बाबा! कॅसेटवर! तुमचा आवाज भरून घेतलाय मी. काही काळजी करू नका, तुमच्यावाचून काही अडत नाही."

मला शाबासकी हवी होती. बाबांनी वहीतला आकडा नीट वाचला, चष्मा काढला आणि भिंतीकडे बघितलं.

"अडत नाही ना," ते म्हणाले. "मग बरंच झालं. वाघोलीला निरोप दे. कॅसेटसकट घेऊन जा म्हणावं."

मला वाटलं, नेहमीचं खोचक बोलणं. पण संध्याकाळी त्यांनी आईलाही तेच सांगितलं, अगदी सरळ आवाजात. येत्या रविवारी माणूस गाई बघायला येईल असं ठरवायला लावलं. त्यानंतर त्यांनी गाईंबद्दल एक शब्द विचारला नाही. जेवण आलं तसं परत जायचं. नर्सला ते एकही टोमणा मारत नव्हते, यावरून मला समजायला हवं होतं.

आईनं मला हॉस्पिटलच्या जिन्यात गाठलं. "तुला एवढं शिकवलं ते कशाला?" ती म्हणाली. "त्या माणसाला सांगायचं असतं, की गाय अडून बसलीय, तुम्ही आल्याशिवाय हलत नाही. तू त्यांना मोजून दाखवलंस की तुमची गरज संपली."

मी जिन्यातच बसून रडले. इतके दिवस मी सेकंद मोजत होते आणि बाबा त्या सेकंदांवर जगत होते, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी वही घेऊन गेले आणि वाचून दाखवलं, "आज खिडकीचीनं नाही सोडला. पाच मिनिटं झाली तरी थेंब नाही."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. "खोटं बोलताना वही उलटी धरू नये," म्हणाले आणि कूस बदलली.

शनिवारी दुपारी त्यांना घरी सोडणार होते. आई आणायला गेली. मी गोठ्यात धारेची तयारी करत होते. पाणी अजून तापायचं होतं, पंप बंद होता, कप खुंटीला टांगलेले होते आणि टेपरेकॉर्डरला मी हातही लावला नव्हता. उद्या येणारा माणूस डोक्यात होता. एवढ्यात बाहेर रिक्षा थांबली आणि खिडकीतून आवाज आला. थकलेला, बारीक, पण शब्द न् शब्द स्पष्ट.

"फार उपकार झाले. आम्ही नुसतं येरवड्याला जायचं म्हणालो होतो, आपण होळकर पुलावरून सबंध पुणं दाखवलंत. आता पुढच्या ऑपरेशनला सिंहगडही दाखवा."

खिडकीची हंबरली. एरवी ती कधी हंबरत नसे. माझी नजर खाली गेली. फरशीवर टप टप आवाज येत होता. तिच्या चारही सडांतून दूध गळत होतं. कुणी कास धुतली नव्हती, कुणी हात लावला नव्हता. थेंबांच्या धारा झाल्या आणि दूध फरशीवरून मोरीकडे वाहायला लागलं.

"बाबा!" मी ओरडले. "लवकर या, सांडतंय!"

आई त्यांना आत अंथरुणावर न्यायला बघत होती. बाबा तिचा हात सोडवून, पोटाला धरून, एकेक पाऊल टाकत दारापर्यंत आले. दाराचीला ओलांडून, खांबाला धरून खिडकीचीपाशी पोचले. फरशीकडे बघितलं.

"बाईसाहेब," ते म्हणाले, "आठवडाभर कॅसेटवर भागवलंत. आता एवढीही घाई नको. बादली तरी..."

त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. खिडकीचीनं शेपूट उडवलं, ते सरळ त्यांच्या ओल्या तोंडावरून फिरलं. बाबांनी टॉवेल मागितला नाही.

मी बादली सरकवली, कप लावले. माझी पाठ त्यांच्याकडे होती. थोड्या वेळानं मागून नेहमीचा आवाज आला, "वाघोलीला फोन कर. म्हणावं, उद्या येऊ नका, गाई विकाव्या लागतील असं घरात कुणी आजारी नाही."

ती वही अजून माझ्याकडे आहे. कॅसेट वाजवायला यंत्र उरलेलं नाही, वही मात्र उघडते. त्या शनिवारची तारीख मी लिहिली आहे, खिडकीची असंही लिहिलं आहे. पुढे आकडा नाही. घड्याळ सुरू करायला तिनं मला वेळच दिला नव्हता.